शेतीच्या अर्थशास्त्राचा विद्यार्थी



शेती आणि निसर्गसंपत्ति यांच्या अर्थशास्त्रांत डॉक्टरची पदवी घेऊं इच्छिणाऱ्याची पूर्वतयारी कोणती असावी, असा प्रश्न मला हल्लीं वारंवार विचारला जातो. मी स्वतः अद्याप त्याच पदवीचा विद्यार्थी आहें. अधिकारवाणीनें बोलण्याचा हक्क मला नाहीं. विचारणाऱ्यांना बहुधा विषयांची यादी हवी असते. ती लहान आहे: अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, आणि माती व पाऊस यांची कांहीं जाण. ती सांगून झाल्यावर जें उरतें, त्याविषयीं आज बोलावें असें मनांत आहे.

माझें गांव मूर्तिजापूर. आमच्या तालुक्याचा कांहीं भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत येतो. तेथील जमीन काळीभोर, कापसाला व तुरीला मानवणारी; पण विहीर खणावी तर पाणी खारें लागतें, आणि तें पिकाला देत राहिल्यास जमीनच बिघडते. पदवीच्या वर्गांत 'उत्पादनाचीं साधनें' शिकतांना पाणी हें एक साधन म्हणून गणलें जाई. असून नसल्यासारखें असलेलें पाणी कोणत्या रकान्यांत लिहावें, हें मात्र पुस्तकांत नव्हतें. निसर्गाच्या अर्थशास्त्राकडे माझें लक्ष प्रथम वळलें तें या अडचणीमुळें.

पुढें संशोधनासाठीं परगांवीं गेलों. तेथें अध्यापकांनीं वाचावयास दिलेल्या एका इंग्रजी निबंधांत एकाएकीं 'कंझरा' हें नांव दिसलें. कंझरा हें आमच्याच तालुक्यांतील खेडें. लहानपणीं एका लग्नाला मी तेथें जेवून आलों होतों. दूरदूरच्या विद्यापीठांतील विद्यार्थी हें नांव ओळखतात, आणि मूर्तिजापूरच्या बाजारांत ही गोष्ट कोणाच्या गांवींही नाहीं!

घडलें तें असें. कोरडवाहू प्रदेशांतील पिकांच्या अभ्यासासाठीं हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिनें १९७५ सालीं सहा खेडीं निवडलीं: दोन महबूबनगर जिल्ह्यांतील, दोन सोलापूर जिल्ह्यांतील, आणि अकोला जिल्ह्यांतील कंझरा व किनखेडा. प्रत्येक गांवांतून चाळीस घरें घेतलीं. त्यांपैकीं दहा भूमिहीन मजुरांचीं, तीस लहानमोठ्या शेतकऱ्यांचीं. तेथील भाषा बोलणारा एक तपासनीस गांवांतच राहूं लागला. दर तीन-चार आठवड्यांनीं घरोघर जाऊन पेरणी, मजुरी, देवघेव, सारें तो लिहून घेई. हें जवळजवळ दहा वर्षें चाललें. डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालींच प्रसिद्ध केली होती, आणि ती आजही वाचनीय आहे. पण गांव एकदां पाहून येणें वेगळें, आणि त्याच उंबऱ्यावर दहा वर्षें जात राहणें वेगळें.

या वह्यांवरून शिकागोचे प्राध्यापक रॉबर्ट टाउनसेंड यांनीं १९९४ सालीं एक निबंध लिहिला. मला भेटला तो हाच. त्यांचा प्रश्न कोणाही गृहिणीला समजेल असा आहे: एका घरचें पीक बुडालें, तर त्या घरची चूल शेजाऱ्यांच्या आधारानें पूर्ववत् पेटते काय? कंझरा धरून तीन गांवांचे आंकडे तपासून ते म्हणाले, कीं घराचा खर्च हा गांवाच्या सरासरीबरोबर चढतो-उतरतो. त्या घराच्या स्वतःच्या उत्पन्नाशीं त्याचा संबंध थोडाच. मात्र एका गांवांत भूमिहीनांना हा आधार कमी मिळतो, असेंही त्यांना आढळलें. १९९७ सालीं रॅव्हॅलियन व चौधुरी या दोघांनीं त्याच नियतकालिकांत आक्षेप घेतला: खर्चाचा आंकडा ज्या रीतीनें काढला त्या रीतींतच दोष आहे, तो दूर केल्यास घरच्या उत्पन्नाचा परिणाम बराच अधिक दिसतो. शिवाय पाऊस सगळ्या शिवारावरच रुसला, तर शेजारी तरी काय देणार? रोझेनझ्वाइग व स्टार्क यांनीं १९८९ सालीं याच खेड्यांच्या आधारें दाखविलें होतें, कीं दूरच्या गांवीं दिलेल्या लेकींचीं सासरें अशा वेळीं उपयोगीं पडतात. आमच्या आजीला हें सांगितलें, तेव्हां तिला त्यांत शोध असा कांहीं दिसला नाहीं.

हा वाद मला केवळ पांडित्याचा वाटत नाहीं. गांव आपलें आपण सांभाळून घेतें असें ठरलें, तर सरकारनें मदत कशाला करावी, असें म्हणावयास जागा होते. आणि ज्या वऱ्हाडांत इतक्या शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला, तेथें हें वाक्य लिहितांना हात अडखळावा.

गेल्या उन्हाळ्यांत खारपाणपट्ट्यांतील एका गांवीं मी माझी स्वतःची वही घेऊन बसलों होतों. एका मावशींनीं शेजारणीकडून आणलेल्या ज्वारीचा उल्लेख बोलण्याच्या ओघांत केला, आणि माझी लेखणी हालतांना पाहून त्या चटकन् म्हणाल्या, "बाबू, हे नोको लिहू." मला एकदम कंझऱ्याचे ते तपासनीस आठवले. त्यांनाही असें कितीकदां सांगितलें गेलें असेल, आणि त्यांनीं काय केलें असेल? उसनवारीच्या रकान्यांत शून्य लिहिलें तर तें खोटें; आंकडा लिहिला तर मावशींचा शब्द मोडतो. मीं तेथें नुसती रेघ ओढून ठेवली. हिशेब करतांना त्या रेघेचें काय करावें, असें माझ्या मार्गदर्शकांना पत्रानें विचारलें आहे. उत्तर अद्याप यावयाचें आहे.