तरत्या पुलाचा अभियंता



हावड्याचा आजचा पोलादी पूल १९४३ साली वाहतुकीस खुला झाला. त्यापूर्वी जवळजवळ सत्तर वर्षे कलकत्त्याचे लोक एका तरत्या पुलावरून हुगळी ओलांडीत असत. तो पूल उभारणारे सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांचे नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

देशांतर या घराण्याला नवे नव्हते. ब्रॅडफर्डचे वडील चार्ल्स रॉबर्ट लेस्ली हे लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन दांपत्याचे पुत्र. त्यांचे बालपण फिलाडेल्फियात गेले. पुढे लंडनला परतून त्यांनी चित्रकार म्हणून लौकिक मिळविला. ब्रॅडफर्डचे दोन भाऊही चित्रकारच झाले. १८३१ साली जन्मलेल्या ब्रॅडफर्डने मात्र ब्रुनेल या विख्यात अभियंत्याकडे उमेदवारी पत्करली. चेपस्टो आणि सॉल्टॅश येथील पुलांच्या कामावर हात बसल्यानंतर १८५८ साली ते ईस्टर्न बेंगॉल रेल्वेच्या कामासाठी बंगालमध्ये आले.

पुढचे वर्ष त्यांच्या दृष्टीने मोठे विलक्षण ठरले. २ मे १८५९ रोजी सॉल्टॅशच्या पुलाचे उद्घाटन झाले. तीनच दिवसांनी, ५ मे रोजी, वडील निवर्तले. सप्टेंबरात गुरू ब्रुनेलही गेले. लंडनचे पत्र कलकत्त्यास पोचावयास त्या काळी महिन्याहून अधिक अवधी लागे. परदेशी पोट भरणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास येणारे हे दुःख आहे: घरचे माणूस जाते, आणि आपण त्याला जिवंत समजून पत्र लिहीत असतो.

हुगळीवर कायमचा पूल बांधण्यात अडचणी अनेक होत्या. तळ गाळाचा, भरती-ओहोटी मोठी आणि जहाजांची ये-जा अखंड. लेस्ली यांनी पूल पाण्यावरच तरंगता ठेवला. भरतीबरोबर तो वर चढे, ओहोटीबरोबर खाली उतरे. जहाजांसाठी मधला २०० फुटांचा भाग बाजूस काढता येई. लांबी १,५२८ फूट. काम चालू असतानाच २० मार्च १८७४ रोजी चक्रीवादळ झाले. 'इजेरिया' नावाची आगबोट नांगर तुटून पुलावर आदळली. तीन तराफे बुडाले आणि सुमारे २०० फूट पूल मोडला. तथापि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला तो रहदारीस खुला झाला. त्यानंतर बैलगाड्यांची रीघ अहोरात्र त्यावरून चालू राहिली.

पुढे १८८७ साली नैहाटीजवळ त्यांचा ज्युबिली पूल झाला आणि हुगळीच्या दोन्ही तीरांवरील लोहमार्ग प्रथमच जोडले गेले. २०१६ पर्यंत त्यावरून गाड्या धावत होत्या. हे लोहमार्ग साम्राज्याच्या व्यापारासाठी घातले गेले, हे विसरून चालणार नाही. नदीच्या गाळात उतरून पाये खणणाऱ्या मजुरांची नावेही कोणी नोंदविली नाहीत. लेस्ली यांचे स्मरण करताना त्या अनामिकांचेही स्मरण करणे उचित होय.

१९२६ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी, लेस्ली निवर्तले. वडिलांची चित्रे संग्रहालयांत जतन झाली. मुलाचा तरता पूल मात्र नवा पूल होताच निकामी ठरला. परंतु सत्तर वर्षे माणसे त्यावरून कामाला गेली आणि संध्याकाळी आपापल्या घरी परतली. घरापासून दूर राहिलेल्या माणसाच्या हातून घडलेले हे कार्य लहान म्हणता येणार नाही.