मुलांची चित्रे आणि दूरची माणसे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



मूल अक्षरे गिरविण्यापूर्वी रेघा ओढावयास शिकते. घराची भिंत, अंगणातील माती, पाटी, जे समोर येईल त्यावर ते आपले जग उमटविते. हे चित्र ते बहुधा कोणासाठी तरी काढीत असते. चित्र पुरे होताच कागद हातात धरून ते धावत सुटते, ते आईकडे, आजीकडे किंवा गुरुजींकडे. कोणी तरी जवळचे माणूस ते पाहील, तेव्हाच मुलाच्या लेखी चित्र पुरे होते. चित्रकलेच्या तासाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

परंतु ज्या मुलाचे जवळचे माणूसच दूर आहे, त्याने कोणाकडे धावावे? दसरा उलटला की बीड, अहिल्यानगर व धाराशिव या जिल्ह्यांतील कित्येक वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, तिकडेच राहतात. शाळेसाठी मागे राहिलेली मुले आजी-आजोबांच्या आधाराने व हंगामी वसतिगृहातील जेवणावर हा काळ काढतात. अशा वर्गात ‘माझे घर’ हा विषय दिला, तर एखादे मूल घर काढते, दारातील लिंब काढते, शेळी काढते. आणि आईबाप मात्र कागदाच्या पार दुसऱ्या टोकाला, बैलगाडीजवळ काढते. ते चित्र म्हणजे त्या मुलाचे पत्रच होय.

आज या पत्राचे काय होते? शिक्षक मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतात व केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवितात. तेथे अंगठ्याची व हात जोडल्याची चिन्हे उमटतात, छायाचित्र अहवालास जोडले जाते आणि उपक्रम पार पडतो. इकडे उसाच्या फडाजवळ कोपीत बसलेल्या आईला त्याचा पत्ताही नसतो. उपक्रमाची नोंद झाली. पत्र मात्र ज्याचे त्याला पोहोचले नाही. चित्र ज्याच्यासाठी काढले, त्याला ते सर्वांआधी दिसावे, हाच या विषयातील मुख्य नियम आहे.

हे काम फारसे अवघड नाही. प्रथम मुलाला विचारावे, “हे कोणाला दाखवायचे?” मूल “कोणालाच नाही” म्हणाले, तर तो शब्द पाळावा. नंतर चित्राच्या पाठीमागे मुलाचे नाव, तारीख आणि चित्राविषयी त्याने सांगितलेली दोन वाक्ये त्याच्याच बोलीत लिहून घ्यावीत. ती शुद्ध करीत बसू नये. छायाचित्र ओसरीच्या उजेडात, कागद सपाट ठेवून व चारही कोपरे दिसतील असे घ्यावे. ते आईच्या किंवा बापाच्या फोनवर पाठवावे आणि सोबत मुलाच्या आवाजातील ती दोन वाक्येही पाठवावीत, कारण वाचता न येणाऱ्या आईलाही आवाज कळतो. टोळीत एकाच माणसापाशी असा फोन असेल, तर कोणते चित्र त्या फोनवर पाठवावे याचा विचार अधिक जपून करावा.

आईकडून उत्तर येते, तेव्हा या कामाचे खरे फळ दिसते. लिंब कोणी लावला, त्याच्या बुडाशी काय पुरले होते, जुनी विहीर कशी खणली, हे आई किंवा बाप चार शब्दांत सांगतात. मूल ते ऐकून पुढचे चित्र काढते. अशा रीतीने घरच्या आठवणी मुलापर्यंत येतात आणि भाषेचा पाठही आपोआप होतो.

तथापि, मोबाइलवरून गेलेली वस्तू परत बोलाविता येत नाही. गटावरील संदेश पुसला, तरी कोणी आधीच उतरवून घेतलेली प्रत त्याच्यापाशी राहते. म्हणून मोठ्या गटावर पाठवावयाच्या चित्रावर मुलाचे पूर्ण नाव, चेहरा किंवा राहण्याचा ठिकाणा असू नये. छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास ते स्पष्ट राहते, पण कॅमेऱ्यात स्थळाची नोंद चालू असेल तर तीही सोबत जाते. ती आधी बंद करावी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले असून पालकांच्या संमतीला महत्त्व दिले आहे. पालकांची संमती दसऱ्यापूर्वीच, ते गावात असताना, घेऊन ठेवणे सोयीचे.

एखाद्या चित्रात मार, भीती किंवा घरातील भांडण दिसते. असे चित्र कोणत्याही गटावर जाऊ नये. शिक्षकाने मुलाशी एकांतात, घाई न करता बोलावे आणि गरज वाटल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

शेवटी मूळ कागदाविषयी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी चेकोस्लोव्हाकियातील टेरेझीन येथे ज्यूंना कोंडून ठेवले होते. तेथे फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार बाई मुलांना चित्रे काढावयास शिकवी व चित्रावर स्वतःचे नाव घालावयास सांगे. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला आउश्वित्झला नेऊन ठार करण्यात आले. त्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन पेट्यांत भरून दडवून ठेविली होती. ती मुले बहुतेक वाचली नाहीत. पण नावे होती म्हणून आज कोणते चित्र कोणाचे, हे प्रागच्या ज्यू संग्रहालयात सांगता येते. ऊसतोडीच्या दुःखाशी त्या संहाराची तुलना नाही. परंतु मुलाचा कागद नावासह जपणे हे शिक्षकाचे काम आहे, एवढा धडा त्यातून घेता येतो.

मोबाइल बिघडतो, बदलतो, हरवतो. म्हणून मूळ चित्रे शाळेच्या कपाटात, वाळवी व ओल लागणार नाही अशी ठेवावीत. पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतू लागल्या, म्हणजे ती पडवीत दोरीवर लावावीत आणि आईबापांना बोलावावे. फोनच्या काचेवर पाहिलेले चित्र आई त्या दिवशी हातात घेईल आणि मूल शेजारी उभे राहून तिला ते समजावून सांगेल. त्या दिवसाची तयारी शिक्षकांनी दसऱ्यापासूनच करावी.