एक जादा शब्द

नुसतं ‘शिरपूर’ म्हटलं तर धुळे जिल्ह्यातलं की वाशीम जिल्ह्यातलं, असा प्रश्न पडतो. ‘शिरपूर जैन’ म्हटलं की अंतरिक्ष पार्श्वनाथाचं गाव लगेच ध्यानात येतं. एक जादा शब्द घोटाळा टाळतो. मोबाइलवर आवाज सुखरूप पोचतो, तोही बराचसा याच युक्तीनं.

मध्यम लहरींवर कार्यक्रम ऐकताना वीज चमकली की रेडिओ कडकडतो. तिथं आवाजाबरोबर लहरीची उंची कमीजास्त होत असते, आणि विजेचा धक्काही उंचीच बदलतो. मग यंत्रानं निवडायचं कसं? अंकीय पद्धतीत लहरीनं ठराविक खुणाच करायच्या असतात, निदान दोन : शून्य आणि एक. दूरच्या बांधावरच्या माणसानं हात वर केला की खाली, हे धुक्यातही दिसतं. बोटं किती दाखवली, ते दिसत नाही. सोळा खुणा वापरल्या तर एका दमात चौपट मजकूर जातो खरा, पण गोंगाटात त्या एकमेकींत मिसळतात.

भारतात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झालं. त्या जीएसएम पद्धतीत लहरीची उंची कायम राहते. शून्य आहे की एक, त्याप्रमाणे तिची कला साधारण पाव फेरी मागं-पुढं सरकते. मूळ रचनेत बोलण्याचे सेकंदाला ५० तुकडे होतात. एका तुकड्यात २६० बिट. त्यांतले ५० बिघडले तर शब्दच गेला, म्हणून त्यांना दुहेरी पहारा. १३२ बिटांना एकेरी. उरलेल्या ७८ बिटांना पहाराच नाही. ते बिघडले तर आवाज जरा खरखरतो, एवढंच. पहाऱ्यासह हे ४५६ बिट होतात, आणि ते आठ गटांत पांगवून पाठवतात, म्हणजे एका धक्क्यानं सगळे जात नाहीत.

तरीही लहर फारच क्षीण झाली तर? यंत्र बिघडलेला तुकडा टाकतं, मागचाच पुन्हा वाजवतं आणि मग गप्प होतं. रेडिओ कडकडत का होईना, बोलत राहतो. इथं शब्द गळून जातो.

म्हणून रात्री-अपरात्री रुग्णवाहिका बोलावताना ‘शिरपूर जैन, तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम’ असं सावकाश, दोनदा सांगा. मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे. समोरच्याकडून ते वदवून घ्या, आणि मगच फोन ठेवा.