कोंबडीचं ताट उकिरड्यावर



खतावर बोलायला यवतमाळ जिल्ह्याइतकी हक्काची जागा नाही. आपल्या पुसदचे नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी विटांचं टाकं बांधून दाखवलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच आणि भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात काडीकचरा, माती आणि अवघं १०० किलोच्या आसपास शेण. साडेतीन-चार महिन्यांत जवळपास ३ टन खत. ज्याच्या गोठ्यात एकच गाय आहे, त्याला या टाक्याचा मोठा आधार झाला आणि नाडेप हे नाव देशभर गेलं. पण हे टाकं भरलं की शेणमातीने लिंपून बंद करतात. शेताच्या खतासाठी तेच बरोबर आहे. मी आज बाजू मांडणार आहे ती दुसऱ्या ढिगाची, परसातल्या उघड्या उकिरड्याची. ज्या घरी चार-सहा गावरान कोंबड्या आहेत, त्या घराने सगळा कचरा टाक्यात लिंपून टाकू नये.

कोंबड्यांना आपण काय टाकतो? मूठभर ज्वारी, तांदळाची कणी, शिळ्या भाकरीचा चुरा. त्याने पोट भरतं, पण अंडं भरत नाही. गावरान कोंबडीच्या एका अंड्यात ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६-१७ टक्के प्रथिनं लागतात आणि ज्वारीत ती १० टक्क्यांच्या आसपासच. मग उरलेली ती आणते कुठून? किड्यामुंगीतून. दाणा कमी पडला म्हणून कोंबडी अंड्यावरून उतरली असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा कमी पडलेला असतो किडा. म्हणून विकतच्या खाद्याचं पोतं आणण्याआधी उकिरडा नीट करा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

नीट करायचा म्हणजे काय? कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या सावलीत जागा घ्या. यवतमाळच्या उन्हात उघड्यावरचा ढीग दोन दिवसांत कोरडा ठक्क होतो आणि कोरड्या ढिगात काही जगत नाही. खाली वीतभर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार पसरा. त्यावर शेण, भाजीचे देठ, सडकी फळं, मग पुन्हा कुटार. ओल किती हवी? हातात घेऊन मूठ आवळली तर हात ओला व्हावा, पाणी टपकू नये. आता महत्त्वाचं. ढिगाचे दोन भाग करा. एका भागावर तुराट्यांची ताटी टाकून तो पंधरवडाभर कोंबड्यांपासून राखा, दुसरा त्यांना उकरायला मोकळा सोडा. मग ताटी इकडून तिकडे. रोज सगळाच ढीग उकरला गेला, तर किड्याला वाढायला सवडच मिळत नाही. झाकलेल्या भागावरची ताटी उचलाल त्या सकाळी बघा, कोंबड्या दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. वर खत उलथवायची आपली मेहनतही वाचते.

त्या ओल्या कचऱ्यात पांढरट, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या की किळस करू नका. काळ्या सैनिक माशीच्या असतील तर ते धनच समजा. ही माशी लांबट काळी, गांधीलमाशीसारखी दिसते; ती आपल्या ताटावर बसायला येत नाही. वाळवलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. मोठी झालेली अळी काळपट होते आणि कोरडी जागा शोधत स्वतःच ढिगाबाहेर सरपटते, तिथे कोंबडी उभीच असते. युरोपीय संघाने २०२१ साली कोंबड्यांच्या खाद्यात किड्यांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली. घरमाशीच्या अळ्या मात्र पट्टकृमी आणू शकतात, म्हणून पशुवैद्यकाला विचारून जंताचं औषध वेळेवर द्या. मानमोडीची लस तर कधीच चुकवू नका.

पिल्लांसाठी उधईसारखं दुसरं काही नाही. जुन्या मडक्यात ओलं शेण, कुटार, फाटक्या बारदान्याचा तुकडा कोंबा आणि धुऱ्यावर जिथे उधईची माती दिसते तिथे संध्याकाळी मडकं पालथं घाला. सकाळी उन्हं चढण्याआधी उचलून पिल्लांपुढे झटका. बारक्या चोचींना तो घास बरोबर बसतो.

शेतातलं म्हणाल, तर सोयाबीन आपल्या घरात पोत्याने असतं आणि त्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं असतात. पण कच्चं देऊ नका. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. भाजून, भरडून द्या. सरकीची ढेप गायीला द्या, कोंबडीला नको; तिच्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून चुरा, तो चांगला. अंड्यांची टरफलं भाजून, बारीक कुटून परत त्यांनाच घाला. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची ढेप उकिरड्यावरसुद्धा फेकू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने. अफ्लाटॉक्सिन हे विष त्यातूनच जगाला कळलं.

आणि विषाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या जिल्ह्याला तो वेगळा सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपली माणसं गेली. तेच औषध कोंबडीच्या चोचीतून आपल्या लेकरांच्या अंड्यात येऊ शकतं. गुलाबी, निळा रंग लावलेलं उरलंसुरलं बियाणं उकिरड्यावर टाकू नका, ते खोल पुरा. औषधाची रिकामी डबडी, पंप धुतलेलं पाणी परसात नको. फवारलेल्या शेतातली हिरवी पऱ्हाटी, तण किंवा पाला ढिगात आणू नका. आणि घराशेजारच्या वावरात फवारणी असेल, त्या दिवसापासून पुढचे काही दिवस कोंबड्या मोकळ्या न सोडता परसात कोंडून ठेवा आणि त्यांना तिथेच दाणा-पाणी द्या.