धांड्या-लगद्याचं गलबत

आज मी जहाज कसं करायचं ते सांगणार आहे. हसू नका. मलकापुरात समुद्र कुठून आला, असं आमच्या घरातल्यांनीही विचारलं होतं.

गोष्ट दिवाळीच्या आधीची. सोयाबीन सोंगून पडलं होतं आणि पावसानं गाठलं. भिजलेल्या मालाला भाव तो काय मिळणार! यंदा नवे कपडे नाहीत, हे पोरीनं न सांगताच ओळखलं. ती सातवीत. पुण्याकडे दिवाळीत पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात ना, तसा तिला सिंधुदुर्ग करायचा होता. बाजारातून मातीचे दहा मावळे आणून दिले, तेवढंच. पण हा किल्ला पाण्यातला. मावळे तिथवर जाणार कशात?

महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर हा किल्ला १६६४ साली बांधायला घेतला. त्यांच्या आरमारात गुराबा होत्या, गलबतं होती. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची. गलबत लहान, शिडावर चालायचं आणि वल्ह्यांवरही. वारा पडला की गलबतंच गुराबांना ओढून न्यायची. तळ उथळ, म्हणून खाडीत शिरायला सोपं. हे सगळं पोरीनं वाचून सांगितलं. तिचे बाबा म्हणाले, आपल्याला काय करायचं समुद्राचं? ती म्हणाली, जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. मग आरमारही आपलंच. ते गप्प बसले.

मावळा दोन इंचांचा, तेव्हा गलबत हातभर लांब तरी हवं. पहिलं आम्ही पुठ्ठ्याचं केलं. ते खोक्यासारखं दिसायला लागलं, बाक काही येईना. तेव्हा आमच्या आत्याबाई बोलल्या. हात थरथरतात म्हणून त्या वर्षभर ओसरीवर नुसत्या बसून असायच्या. म्हणाल्या, "टोपल्या लिंपता ना लगद्यानं, मग हे का नाही?"

रद्दी तीन दिवस भिजवली. मेथ्या रात्रभर भिजवून वाटल्या आणि लगद्यात कालवल्या. मेथीनं चिकटपणा येतो, कीडही लागत नाही. अंगणात ओल्या मातीचा पालथ्या होडीसारखा ढीग केला, पुढचं टोक निमुळतं. त्यावर राख भुरभुरली, नाहीतर लगदा मातीला धरून बसतो. मग बोटभर जाडीचा थर. तो आत्याबाईंनीच थापला. थापताना त्यांचे हात थरथरत नव्हते, हे मी पाहिलं.

इथं माझी चूक झाली. लवकर वाळावं म्हणून मी ते भर उन्हात ठेवलं आणि मधोमध तडा गेला. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पोरगी मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसरं सावलीत आठ दिवस वाळवलं. घाई करू नका बायांनो.

वरची फळी ज्वारीच्या धांड्याच्या सालीची, पट्ट्या शेजारी शेजारी डिंकानं चिकटवून. आतला भेंड कापून तोफांचे गाडे, त्यावर संपलेल्या रिफिलीचे तुकडे म्हणजे तोफा. डोलकाठीला सरळ तुराटी, वल्ह्यांना फड्याच्या काड्या. शीड जुन्या धोतराचं. खळ लावून ते वाटीवर ताणून वाळवलं, की वारा भरल्यासारखं फुगलेलं राहतं. आधी काठी फार उंच झाली, गलबत कलंडायचं. चार बोटं कापली आणि तळात वाळू भरली.

रंगाला पैसे नव्हते. आधी चुन्यात डिंक घालून एक हात दिला, नाहीतर लगदा रंग पिऊन टाकतो. त्यावर गेरू, पाण्यालगतच्या भागाला दिव्याची काजळी खोबरेल तेलात. तेल थोडंच घ्या, नाहीतर बोटांना लागत राहतं. शेवटी कोरड्या कपड्यानं कडा हलक्या पुसल्या, तेव्हा ते नवं न दिसता वापरातलं दिसायला लागलं. समुद्र म्हणजे निळीत भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा. खऱ्या पाण्यात मात्र सोडू नका, लगदाच तो.

वसुबारसेला गल्ली बघायला आली. एका गृहस्थांनी नातवासाठी गलबताचे पाचशे रुपये देऊ केले. घरात लाइटचं बिल थकलेलं. माझं मन हललं, खोटं कशाला सांगू. मी पोरीकडे पाहिलं, पोरीनं आजीकडे. आत्याबाई म्हणाल्या, "हे नाही. आठ दिवसांनी या, दुसरं देऊ."

ते आले. आता गटातल्या चौघीजणी आमच्याकडे रद्दी आणून टाकतात, आणि थापायला बसतात त्या आत्याबाईच.