६१७४

वही-पेन्सिल असेल तर काढा. आजचं व्याख्यान एकाच संख्येवर आहे, आणि ते ऐकण्यापेक्षा मांडून पाहिलेलं बरं.

ती शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. तेच साल घेऊ. १९०५चे अंक उतरत्या क्रमाने ९५१०, चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. या उत्तराचेही अंक तसेच मांडायचे, पुन्हा वजा करायचं. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वेळी ६१७४. पुढे गेलात तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे नसले की झालं. कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येऊन थांबते. मध्ये उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लिहायचं.

कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते, १९३० ते १९६२. १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभर नाव झालं. ही हकीकत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. हे असं का होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते. कारण नववीतल्या मुलीला सहज कळेल असं ते आहे.

उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड समजा. उलट मांडणीत अ हजारावरून एककावर येतो, ड एककावरून हजारावर जातो. म्हणून वजाबाकीत त्या दोघांच्या फरकाची ९९९ पट उरते. ब आणि क यांची शतक-दशकात अदलाबदल होते. त्यांच्या फरकाची ९० पट उरते. बस्स, एवढंच! पहिला फरक १ ते ९, दुसरा त्याच्याहून मोठा होऊच शकत नाही. अशा जोड्या मोजा : २ अधिक ३ अधिक ४ असं करत १० पर्यंत, एकूण ५४. हजारो संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा झाल्या! त्यांतही तेच अंक जागा बदलून आलेले वगळले, तर तपासायच्या उरतात ३०. एका दुपारचं काम आहे. ते पुरं केलं की सिद्धता तुमच्या हातची झाली, कुणाच्या शब्दावर विसंबायला नको.

हा सगळा दशमान लेखनाचा गुण, संख्येचा नव्हे, असा आक्षेप घेतात. तो बरोबर आहे. पण म्हणून सिद्धतेची गोडी कमी होत नाही. शिवाय ६१७४ला स्वतःचीही श्रीमंती आहे. तिच्या अंकांची बेरीज १८; आणि १८, १८चा वर्ग ३२४, १८चा घन ५८३२, यांची बेरीज बरोबर ६१७४. तिला १८ने भागलं तर येतात ३४३, म्हणजे ७चा घन.

पाच अंकांना असा एक मुक्काम नाही. तिथे संख्या चक्रात सापडतात. तीन अंकांना आहे, ४९५. तिथे पहिल्या-शेवटच्या अंकांच्या फरकाची ९९ पट, म्हणजे उत्तरं नऊच. ती आत्ताच तपासू. लिहा : ९९० वजा ०९९.