सरासरीचा मेंदू



ग्रीनिचच्या वेधशाळेत १७९६ साली एका मदतनीसाची नोकरी गेली. दुर्बिणीतील उभ्या धाग्यावरून तारा केव्हा सरकतो ती वेळ घड्याळाच्या ठोक्यांवर टिपायची, हे त्याचे काम. किनेब्रुक त्याचे नाव. त्याच्या नोंदी राजज्योतिर्विद मॅस्केलाइन यांच्या नोंदींहून सेकंदाच्या आठदशांशाने मागे पडू लागल्या. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने निरनिराळ्या निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तो कसलेले निरीक्षकही एकमेकांशी जुळेनात! किनेब्रुकला त्याचा काय उपयोग?

माणसामाणसांतला असा फरक पुसून टाकावा, की त्याचाच अभ्यास करावा? मेंदूचे शास्त्र पुष्कळ काळ पहिल्या वाटेने गेले. अनेकांच्या मेंदूंची चित्रे एकमेकांवर बसवायची आणि सरासरी काढायची. सरासरी उपयोगाची नाही असे आम्ही म्हणत नाही. पण तो सरासरीचा मेंदू कोणाच्याच डोक्यात नसतो.

मेंदूच्या मागच्या टोकाला दृष्टीचे पहिले ठाणे आहे. समोरच्या दृश्याचा नकाशाच तेथे उमटतो. नजरेच्या मध्याला त्यात भरपूर जागा, कडेला थोडी. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) डोक्याला गोळी लागलेले सैनिक तपासून इनोउये या जपानी नेत्रवैद्याने हा नकाशा आखला. आता चुंबकीय यंत्रात माणसाला निजवतात, नजर मध्यावर खिळवायला सांगून सरकते पट्टे दाखवतात, आणि मेंदूचा कोणता ठिपका दृश्याचा कोणता तुकडा सांभाळतो ते गणिताने काढतात. नकाशा एकेकट्या माणसाचा मिळतो, हे महत्त्वाचे.

हे ठाणे कोणाचे लहान, कोणाचे दुपटीहून मोठे. लंडनमध्ये श्वार्त्सकॉफ, साँग आणि रीस यांनी २०११ साली दाखविले की, ज्यांचे ठाणे लहान त्यांना आकाराचा दृष्टिभ्रम अधिक होतो. (लहान ठाणे म्हणजे मंद बुद्धी, असे मात्र कोणी घेऊन उठू नये.) कारणाविषयी त्यांचा तर्क असा: शेजारच्या पेशींचा प्रभाव ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो, ठाणे लहान असले की तेवढ्याच अंतरात दृश्याचा मोठा भाग मावतो. तर्क आम्हांला पटण्याजोगा वाटतो. सिद्ध झाला असे म्हणवत नाही.

घरी करून पाहा. दोन सारखी नाणी घ्या. एकाभोवती मोठ्या चकत्या मांडा, दुसऱ्याभोवती बारीक बटणे. मग घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे बोलावून विचारा, मोठे नाणे कोणते, आणि कितीसे मोठे.